फुकट जमिनीची जाहिरात आणि काकतालीय न्याय

कॅनडाची पश्चिमेकडची गवताळ मैदाने कशी वसली, याचे एक सोपे उत्तर रूढ आहे : जाहिरातींनी. क्लिफर्ड सिफ्टन १८९६ साली अंतर्गत खात्याचा मंत्री झाला. 'द लास्ट बेस्ट वेस्ट' म्हणून त्याच्या खात्याने या प्रदेशाचा डंका पिटला. डोलत्या गव्हाची रंगीत चित्रे, अनेक भाषांतली माहितीपत्रके, जत्रांतली प्रदर्शने, अमेरिकी संपादकांना फुकट रेल्वेसफरी असा सगळा सरंजाम उभा राहिला आणि शेतकरी बोटीत चढला. आकडेही या मताच्या मदतीला धावतात. १८९६मध्ये कॅनडात १६,८३५ स्थलांतरित आले, तर १९१३मध्ये ४,००,८७०.

हा निव्वळ काकतालीय न्याय आहे. दहा डॉलर शुल्क भरा, तीन वर्षे राहून कसा आणि १६० एकर घ्या, हा कायदा १८७२चा. सरकारची पत्रके आणि एजंट तेव्हापासूनचेच. १८८५मध्ये पॅसिफिकपर्यंतची रेल्वेही पुरी झाली. तरी मैदाने ओस राहिली. कॅनडात उतरलेले कित्येक जण सीमा ओलांडून अमेरिकेतल्या डाकोटात जात होते आणि देशात येणाऱ्यांपेक्षा देश सोडणारेच जास्त होते. जाहिरात हेच कारण असेल, तर ही पंचवीस वर्षे कार्य कुठे दडून बसले होते?

शतक सरताना बदलले ते दुसरेच काही. गव्हाचा भाव चढू लागला, समुद्रावरचे वाहतूकभाडे उतरले, १८९७च्या करारात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने धान्याचे दर कमी केले आणि अमेरिकेतली फुकटची चांगली जमीन संपत आली. आयोवातली जमीन चढ्या भावाने विकून तेवढ्या पैशात सस्कॅचवानमध्ये तिच्या कितीतरी पट जमीन मिळत असेल, तर तो हिशेब शेतकऱ्याला भित्तिपत्रकाने शिकवावा लागत नाही. (लवकर पिकणाऱ्या 'मार्क्विस' गव्हालाही काही जण हे श्रेय देतात, पण तो शेतकऱ्यांच्या हाती पडू लागला १९०९च्या सुमारास, म्हणजे लोंढा ऐन भरात आल्यावर.)

पूर्व युरोपातल्या गालिसिया प्रांतातल्या युक्रेनियन शेतकऱ्यांचे उदाहरण तर या मताच्या मुळावरच येते. सिफ्टनच्या यशाची साक्ष म्हणून नेहमी त्यांनाच उभे करतात. पण नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक कॅनडा पाहायला गेले ते १८९१मध्ये, सिफ्टन मंत्री होण्याच्या पाच वर्षे आधी. १८९५मध्ये ल्विवचे कृषितज्ज्ञ योसिफ ओलेस्किव यांनी मोकळ्या जमिनींवर पुस्तिका लिहिली, ती गावोगावच्या वाचनालयांतून वाचली गेली. सरकारी पत्रकांत न सापडणारी गोष्ट तिच्यात होती : ठकबाज दलालांबद्दलचा इशारा. इकडे वाटण्या होऊन होऊन शेताच्या चिंधड्या झालेल्या; तिकडे गेलेल्या नातलगाचे पत्र आलेले. आणखी काय हवे? हे लोक तिथे पोचल्यावर बसले कुठे, तेही पाहा. पत्रकातल्या चित्रात सपाट, उघडे गव्हाचे रान. यांनी धरली झाडी असलेली जमीन, कारण घराला आणि चुलीला लाकूड हवे आणि शेजारी आपल्या गावचा माणूस हवा. अधिकारी दुसरीकडे पाठवू पाहत, तर हे हटून बसत.

मग जाहिरातीवरचा खर्च पाण्यात गेला का? प्रतिपक्षाचे एवढे मान्य करावे लागेल की माहिती पोचली, आणि जो निघणारच होता तो कदाचित वर्षभर आधी निघाला. पण या यंत्रणेचे खरे काम ओढण्याचे नव्हतेच. ती चाळणी होती. १८९९पासून उत्तर अटलांटिक ट्रेडिंग कंपनी नावाच्या, मालकांची नावे गुप्त ठेवलेल्या दलालसंघाशी सरकारचा करार होता. दलाली मिळे ती शेतकरी माणसांवर, शहरी कारागिरांवर नव्हे. कोणावर दलाली द्यायची हे ठरवणे म्हणजेच कोण हवा आणि कोण नको हे ठरवणे.

नको असलेल्यांच्या बाबतीत तर ही यंत्रणा उलटी फिरवली जाई. सरकारी पत्रकांत हिवाळ्याचा कडाका फारसा येतच नसे. हवा कशी 'आरोग्यदायी', 'तरतरी आणणारी', एवढेच येई. ओक्लाहोमातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनीही हे वाचले आणि ते अल्बर्टाकडे निघाले, तेव्हा त्यांना परावृत्त करायला सरकारनेच माणसे धाडली. तीच हवा आता सोसवणार नाही अशी ठरली. १२ ऑगस्ट १९११च्या मंत्रिमंडळाच्या आदेशात कृष्णवर्णीयांना वर्षभर प्रवेशबंदी करण्याचे कारण लिहिले होते हवामानाचेच. आदेश लवकरच रद्द झाला. समजूत घालून परतवणे आधीच पुरेसे ठरले होते.

हिंदुस्थानी माणसाबद्दल कॅनेडियन अधिकारी मॅकेन्झी किंगने १९०८च्या अहवालात हेच कारण दिले : उष्ण देशातल्या माणसाला इथली हवा मानवायची नाही. त्याच वर्षी स्वदेशाहून अखंड प्रवास करूनच उतरण्याची अट आली. १९१४मध्ये व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलेल्या 'कोमागाता मारू' जहाजावर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबी. त्याआधीच्या वर्षांत पंजाबात चिनाबच्या कालव्यावर लायलपूरच्या ओसाड माळावर ब्रिटिश सरकार शेतकरी वसवत होते, गहू पिकवून घेत होते. तिथे त्याने निवडले होते ते याच पंजाबच्या शेतकऱ्यांना.