तुर्कीनोच्या घाटातील हंगाम

हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाचे गाळप येते. कारखान्याची चिमणी पेटली म्हणजे शेकडो हंगामी कामगारांच्या चुली पेटतात, आणि ती विझली म्हणजे पुढचे महिने कसे काढावयाचे हा विचार सुरू होतो. सायकलच्या शर्यतींनाही असाच हंगाम असतो. युरोपात हिवाळाभर रस्त्यावरील मोठ्या शर्यती बंद. शर्यत नाही म्हणजे बक्षीस नाही. त्यामुळे वसंताच्या पहिल्या मोठ्या शर्यतीकडे तेथील सायकलपटू जसे डोळे लावून बसत, तसे प्रेक्षकही बसत नसतील.

ती शर्यत म्हणजे इटलीतील मिलान ते सान रेमो. हल्ली हंगामाचा आरंभ जानेवारीतच ऑस्ट्रेलियात ॲडलेडला होतो. पण जुना मान अजून या शर्यतीकडेच आहे. तिचा जन्म मात्र एका फजितीतून झाला. 1906 साली याच दिशेने मोटारींची शर्यत घेण्यात आली आणि ती साफ फसली. तेव्हा ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वृत्तपत्राच्या मंडळींनी तोच मार्ग सायकलींसाठी घ्यावयाचे ठरविले. 14 एप्रिल 1907 रोजी तेहतीस जण निघाले, चौदा पोहोचले. पहिला आला लुसियाँ पेती-ब्रेताँ. वृत्तपत्राला खप हवा होता, सायकलींच्या कारखानदारांना जाहिरात हवी होती. घाम गाळणारे तर मुबलक मिळत होते. पुढे 1909 मध्ये ही शर्यत जिंकणारा पहिला इटालियन लुइजी गान्ना हा धंद्याने गवंडी होता.

मार्ग सुमारे 290 किलोमीटरांचा. पूर्वी मिलानच्या धुक्यातून निघावयाचे, पो नदीचे सपाट खोरे ओलांडावयाचे, 532 मीटर उंचीचा तुर्कीनो घाट चढून लहानशा बोगद्यातून पलीकडे उतरावयाचे, की समोर समुद्र. अलीकडे हिवाळा, पलीकडे वसंत, अशी त्या घाटाची ख्याती. दीर्घकाळ ही शर्यत 19 मार्चला, संत जोसेफच्या सणाला होत असे. जोसेफ हा सुतार. कामकऱ्यांच्या शर्यतीला याहून योग्य दिवस कोणता मिळाला असता!

परंतु 3 एप्रिल 1910 रोजी घाटापलीकडे वसंत नव्हता, हिम होते. साठांहून अधिक जण निघाले होते. युजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू, मूळचा कुलुपे करणारा कारागीर, तुर्कीनोवर पोहोचला तेव्हा त्याची बोटे ताठरली होती आणि पोटात कळा येत होत्या. सायकल हातात धरून तो हिमातून चालला, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला थांबला. एका वाटसरूने त्याला जवळच्या खानावळीत नेले. मालकाने ओले कपडे उतरवून त्याला घोंगडीत गुंडाळले. पंचवीसएक मिनिटांनी, मालक नको नको म्हणत असता, कोणाची तरी लांब विजार घालून हा गृहस्थ पुन्हा रस्त्याला लागला. बारा तास चोवीस मिनिटांनी तो सान रेमोला पहिला पोहोचला. निकालात अवघ्या चौघांची नावे लागली. गान्ना दुसरा आला होता; पण वाटेत तो मोटारीत बसला असे ठरून त्याला बाद करण्यात आले. विजयी क्रिस्तोफ महिनाभर इस्पितळात पडून होता.

ही कथा सर्वत्र शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. शौर्य होतेच, मला ते नाकारावयाचे नाही. पण चाळीस वर्षे कामगारांत वावरलेल्या माणसाला दुसराही एक प्रश्न पडतो: त्या दिवशी शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणाला होता? धावणाऱ्यांना तर नव्हताच. 1912 साली हीच शर्यत जिंकणाऱ्या आंरी पेलिस्येने पुढे 1924 मध्ये फ्रान्सच्या महाशर्यतीत याच मुद्द्यावर सायकल सोडली. पहाटेच्या थंडीत दोन बंड्या घालाव्या, ऊन चढल्यावर एक फेकून द्यावी, तर नियम आड येई. आणि अंगावर बंड्या किती हे अधिकारी कपडा उचलून मोजत. पेलिस्ये, त्याचा भाऊ आणि एक सोबती असे तिघे शर्यत सोडून बसले आणि आल्बेर लोंद्र या वार्ताहरापुढे त्यांनी मन मोकळे केले. असा ‘काम बंद’ तिघांनी करून काय होणार? त्याला संघटना लागते.

दुसऱ्या महायुद्धामुळे 1944 आणि 1945 मध्ये शर्यत झाली नाही. 19 मार्च 1946 रोजी ती पुन्हा निघाली तेव्हा फाउस्तो कोप्पी युद्धकैद भोगून परतला होता. याच मार्गावरील नोवी लिगुरे गावात तो लहानपणी खाटकाच्या दुकानचा माल सायकलवरून पोचवीत असे. मिलान सोडल्यावर थोड्याच वेळात तो पुढच्या टोळीत गेला, तुर्कीनोवर एकटा झाला, आणि दुसऱ्यापेक्षा चौदा मिनिटे आधी सान रेमोत दाखल झाला. बाकीचे येईपर्यंत रेडिओवर नाचाचे संगीत लावावे लागले, असे सांगतात. पडझड झालेल्या देशाला तो हंगाम सुरू झाल्याचा आनंद किती झाला असेल, हे गिरणी पुन्हा सुरू झाल्याचा भोंगा ज्याने ऐकला आहे त्यालाच कळेल.

17 मार्च 2013 रोजी तुर्कीनोवर पुन्हा हिम पडले. या वेळी शर्यत ओवादा गावी थांबविण्यात आली, आणि सर्व सायकलपटूंना बसमध्ये बसवून घाटापलीकडे समुद्राकाठी नेण्यात आले. सुमारे 50 किलोमीटर वगळून शर्यत पुन्हा सुटली. काही जण गारठून परत सायकलवर चढलेच नाहीत. जिंकला जर्मनीचा गेराल्ड चोलेक. जुन्या रसिकांनी नाके मुरडली, क्रिस्तोफचे नाव घेतले. सायकलपटूंच्या संघटनेने मात्र मागणी सोडली नाही, आणि 2016 पासून हवामान भयंकर असल्यास सुरुवातीपूर्वी सर्व पक्षांनी, सायकलपटूंच्या प्रतिनिधींसह, एकत्र बसून विचार करावा असा नियम झाला. ज्या शर्यतीत मोटारीत बसल्याबद्दल गान्नाला बाद केले, त्याच शर्यतीत एकशेतीन वर्षांनी सारेच बसमधून गेले, आणि कोणी बाद झाले नाही.