सहस्रकुंडची सरहद्द

लहानपणी आमच्या शिरूर अनंतपाळच्या घरात 'सरहद्द' हा शब्द सारखा कानांवर पडायचा. आजी सांगायची, "रझाकारांच्या वक्ताला आमी रातोरात सरहद्द वलांडली." सरहद्द म्हणजे एखादी उंच भिंत असावी आणि आजी तिच्यावर चढून पलीकडं उतरली असावी, असं मला वाटायचं.

पुढं कळलं, की १९४८ साली आमचा भाग निजामाच्या बीदर जिल्ह्यात होता. आजीची मंडळी गेली ती बार्शीकडं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, स्वतंत्र भारतात. ती सरहद्द शोधायला मी एकदा गेलो, तर रस्ता, ज्वारीची शेतं आणि बांध याखेरीज काहीच दिसलं नाही. मात्र निजामी मुलखाची एक सरहद्द आजही डोळ्यांनी पाहता येते. ती म्हणजे पैनगंगा नदी. म्हणून एका श्रावणात मी सहस्रकुंडला गेलो.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत एसटीनं इस्लापूर गाठलं आणि तिथून पायी निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मधूनच सागाची झाडं. धबधबा दिसण्याच्या बराच आधी ऐकू येतो. आधी वाटतं, लांब कुठं तरी मालगाडी चालली आहे. पुढं गेलं की तो आवाज छातीत बसतो.

इथं पैनगंगेचं पात्र काळ्या कातळाचं आहे. संथ येणारी नदी या खडकांत अडते, फुटते, तिच्या असंख्य धारा होतात आणि साऱ्या एकदम खाली कोसळतात. पावसाळ्यात पाणी तांबूस, खडक मात्र लोखंडासारखा काळा. काठाकाठानं चालत गेलं की कुठं खळाळ, कुठं भोवरा, कुठं पाण्यानं कोरलेले रांजण. शेवाळावर पाय ठरत नाही, म्हणून पाण्यापासून चार हात दूरच राहावं.

मी उभा होतो तो काठ नांदेड जिल्ह्याचा, समोरचा यवतमाळचा. आज हा केवळ दोन जिल्ह्यांमधला फरक आहे. पण १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवलं. फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचं कारण. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हे दोन काठ दोन राजवटींचे होते. अलीकडं निजामाचा हाली शिक्का, पलीकडं कळदार रुपया. माल न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात. अलीकडच्या कचेरीत उर्दू. दोन्ही काठांवर सासर-माहेरचे संबंध, देवही तेच. कारभार तेवढा वेगळा.

१९४७ साली पलीकडचा काठ स्वतंत्र झाला, अलीकडचा झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला. सरहद्दीच्या पलीकडं उमरखेडसारख्या गावांत कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. करोडगिरी नाके जाळले गेले. जानेवारी १९४८मध्ये उमरीच्या बँकेतली रक्कम कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी ताब्यात घेऊन सरहद्दीपार नेली. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

इथवरची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. आजी मात्र पुढचीही सांगायची. गाव सोडताना तिनं पाण्याचा तांब्याचा हंडा शेजारच्या मुसलमान बाईकडं ठेवायला दिला होता. आजी तिला 'खाला' म्हणायची. सगळं निवल्यावर आमची मंडळी परतली, तेव्हा खालाच्या घराला कुलूप होतं. हंडा आमच्या अंगणात, घासूनपुसून पालथा घातलेला. ती कुठं गेली, ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवसांत काय घडलं, हे पाहायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल २०१३ साली लोकांसमोर आला. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडबरोबर आमच्या बीदरचंही नाव आहे. रझाकारांचा जुलूम खरा होता आणि हेही खरं आहे. आजीला जायला सरहद्दीपलीकडं जागा होती. खालासाठी तशी सरहद्द कुठंच नव्हती. सहस्रकुंडच्या त्या खडकावर बसल्यावर हे मला पहिल्यांदा नीट उमगलं.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली. बीदरमधले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके आणि आदिलाबादमधलं किनवट व इस्लापूर, एकाच कायद्यानं मुंबई राज्यात आले. विदर्भही त्याच राज्यात आल्यानं पैनगंगेचे दोन्ही काठ एक झाले. पाण्याचं तर आधीपासूनच एक होतं. आमच्या घरणीचं पाणी मांजरेतून गोदावरीला मिळतं, पैनगंगेचं वर्धा आणि प्राणहितेतून तिथंच जातं.

दुपार कलली तसा परत फिरलो. धबधब्याचा आवाज बराच वेळ पाठीशी होता. खालाचा तो हंडा अजून आमच्या घरात आहे. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून आलो, की मी तो स्वतः घासतो. आणि मुलांनी विचारलं, की गोष्ट सांगतो, दोन्ही काठांची.