दोन खते

निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदार जमीन घेताना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जे खरेदीखत नोंदवितो, त्यातील ‘खत’ अरबीतून फारसीमार्गे आपल्या दप्तरांत आले असून त्याचा मूळ अर्थ रेघ, लिखाण. परंतु गोडी छाटणीपूर्वी वेलींच्या ओळीलगत चर काढून, त्यांत कुजलेले शेणखत भरून तो जे मातीआड करतो, ते ‘खत’ सर्वस्वी निराळ्या कुळातील होय. खेड्यांतून त्याचा उच्चार ‘खात’ असाही ऐकू येतो, आणि मग खणलेला खड्डा या अर्थाचा संस्कृत ‘खात’ साहजिकच आठवतो.

इंग्रजी ‘मॅन्युअर’ची कुळकथा मला याहून हृद्य वाटते. लॅटिनमधील ‘हाताने काम करणे’ या अर्थाच्या पदांतून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द आरंभी क्रियापद होता, आणि जमीन कसणे हाच त्याचा अर्थ होता. शेणकचऱ्याचा अर्थ त्यास सोळाव्या शतकात चिकटला. लष्करी डावपेचांचा ‘मनूव्हर’ त्याचाच सख्खा भाऊ. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथकार कारखान्यातील क्षारांनाही कृत्रिम ‘मॅन्युअर’च म्हणत, आज मात्र त्यांस बहुधा ‘फर्टिलायझर’ म्हणतात.

मराठीने अशी फारकत केली नाही. लेंडीखत, सोनखत आणि युरिया, सारी खतेच. तथापि जमिनीचा पोत सुधारणारे ते भरखत, थोडक्यात पुष्कळ अन्न पुरविणारे ते जोरखत, उभ्या पिकास मागाहून द्यावयाचे ते वरखत, हा विवेक तिने उपपदांनी राखला आहे, आणि कृषिविषयक लेखकांनी हे शब्द आग्रहाने वापरावेत.