‘इव्हॉल्व्ह’ : एका रॉक वाद्यवृंदाचे उत्तरायुष्य

कीर्तीचा बहर ओसरल्यावर कलावंतापुढे दोन मार्ग उरतात : पूर्वपुण्याईवर निर्वाह करणे, अथवा पुनश्च कसोटीस उतरणे. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक वाद्यवृंदाने दुसरा मार्ग पत्करला. १९८४ साली तो ‘रॉक मशीन’ या नावाने उदयास आला. परदेशी गीतांच्या अनुकरणातच धन्यता मानली जात असता त्याने १९८८ मध्ये स्वरचित इंग्रजी गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. १९९३ मध्ये नामांतर झाले. नावातील ‘यंत्रा’ची जागा ‘सिंधू’ने घेतली. १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर दोनच वर्षांत, म्हणजे १९९७ मध्ये, हा वृंद विसर्जित झाला.

२०१० मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. त्यांना तरुण वादकांची जोड मिळाली. जुनी गीते आळवून श्रोत्यांची स्मृती चाळवणे सोपे होते. तथापि २०१२ मध्ये, तब्बल सतरा वर्षांच्या खंडानंतर आलेल्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये आठही गीते नवी होती आणि त्यांची बांधणी पूर्वीहून गुंतागुंतीची होती. उत्क्रांत होणे हा शीर्षकाचा अर्थ अशा रीतीने कृतीत उतरला. पुनरागमन म्हणजे पुनरावृत्ती नव्हे, हेच या ध्वनिमुद्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व होय.