तस्कर : एक शब्द आणि एक किनारा

संस्कृतात ‘तस्कर’ म्हणजे चोर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीने हा शब्द मुख्यतः सरहद्दीपलीकडून चोरटा माल आणणाऱ्यासाठी वापरला, आणि त्या ओघात त्यातला तिरस्कार बराचसा गळून गेला. असे का झाले, याचे उत्तर शब्दकोशात नाही. ते कोकणच्या किनाऱ्यावर शोधावे लागते.

१९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली कायदा झाला. परकीय चलन वाचवावे, हा हेतू. परंतु लग्नकार्यातली सोन्याची मागणी नियमांनी कमी होत नसते. देशातला भाव आणि दुबईतला भाव यांतल्या अंतरावर एक धंदा उभा राहिला. रात्री माल उतरवायचा, तो मुंबईकडे रवाना करायचा आणि वाटेतल्या चौकीने डोळे मिटून घ्यायचे, अशी त्याची रीत. माल उतरवणाऱ्याला मजुरी मिळे, गिऱ्हाइकाला सोने, अधिकाऱ्याला हप्ता. ‘यात कुणाचे काय गेले?’ हा प्रश्न म्हणूनच बिनतोड वाटे. १९७५च्या ‘दीवार’मधला, गोदी कामगाराचा तस्कर झालेला नायक प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, तोही याच मनोवृत्तीतून.

१९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२पासून सोन्याच्या आयातीवरची बंधनेही सैल होऊ लागली. चोरट्या सोन्यातला नफा आटू लागला. वाट मात्र शिल्लक राहिली. मुंबईतील दंगलींनंतर, १९९३च्या आरंभी, रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरले. १२ मार्चच्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात कस्टम्स आणि पोलीस दलातील काही जणही दोषी ठरले. त्याच वर्षी गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या संबंधांचा शोध घेण्यासाठी व्होरा समिती नेमली गेली.

या साऱ्याचा दोष किनाऱ्यावरच्या माणसांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. वाट घडवली ती अव्यवहारी कायद्याने, स्वस्त सोने घेणाऱ्या शहराने आणि विकल्या गेलेल्या चौकीने. पेटीत काय आहे हे न पाहण्याचे पैसे घेण्याची एकदा सवय जडली, की पेटीतला माल बदलल्याचेही कळत नाही. ‘कुणाचे काय गेले?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तीस वर्षांनी मिळाले.