अकारा ते अकाराजे

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचा ‘अकारा’ घरी करावयाचा तर प्रथम चवळी भिजत घालावी लागते. मग ती हातांनी चोळून तिची साले सुटी करावयाची, पाण्यावर तरंगून आलेली साले ओतून द्यावयाची आणि उरलेली पांढरी डाळ अगदी थोड्या पाण्यात वाटावयाची. त्यात कांदा, मिरची, मीठ घालून, पीठ भरपूर फेटून चमच्याने कढत तेलात सोडतात. फेटताना पिठात कोंडली गेलेली हवाच वड्याला हलकेपणा देते.

आम्हांला ही कृती परकी वाटत नाही. उडदाच्या वड्याशी तिचे साम्य उघड आहे. शिवाय चवळी मुळात आफ्रिकेचीच. प्राचीन काळी ती भारतात आली आणि आपल्या उसळींत अशी मुरली की तिच्या मूळ घराची आठवण कोणाला राहिली नाही.

अकाराचा दुसरा प्रवास मात्र सक्तीचा होता. गुलामांच्या जहाजांतून ब्राझीलच्या बाहिया प्रांतात नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर तो तेथे पोहोचला. ही कृती कोणी कागदावर नेली नव्हती. ती स्त्रियांच्या हातांत होती. साल्व्हादोरच्या रस्त्यांवर गुलाम स्त्रिया खाद्यपदार्थ विकत. ठरलेली रक्कम मालकाला द्यावी लागे, वरची मिळकत त्यांची. अशी पै पै साठवून काहींनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, त्याच्या कितीतरी आधी.

तेथे पदार्थाचे नाव ‘अकाराजे’ झाले. योरुबा भाषेत ‘जे’ म्हणजे खाणे. अकारा आणि जे मिळून हा शब्द झाला, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती मान्य केली तर एका लादलेल्या भाषेच्या पोटात योरुबा क्रियापद आजवर टिकून आहे असे म्हणावे लागते. पामच्या लाल तेलात तळलेला हाच वडा कांदोम्ब्ले धर्मात इयान्सा या वाऱ्या-वादळाच्या देवतेचा नैवेद्य आहे.

म्हणूनच अलीकडच्या दशकांत काही इव्हँजेलिकल विक्रेत्यांनी त्याला ‘येशूचा वडा’ असे नाव दिले, तेव्हा वाद उठला. आपल्या श्रद्धेप्रमाणे वडा तळून विकण्याचा त्यांचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु नाव बदलले की ते क्रियापद जाते, ती देवता जाते, आणि टोपली डोक्यावर घेऊन स्वातंत्र्याची किंमत गोळा करणारी स्त्रीही विस्मृतीत जाते.

२००५ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने नोंद केली ती नुसत्या पदार्थाची नव्हे, तर अकाराजे करून विकणाऱ्या बाहियातील स्त्रियांच्या व्यवसायाची. आम्हांला हा निर्णय इतिहासाला धरून वाटतो. चवळी, तेल, मिरची ही सामग्री कोठेही मिळेल. साले काढून, वाटून, फेटून तो वडा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला तो या स्त्रियांनी.