तिसऱ्या दिवसाची सूज

गायीच्या क्षयाची चाचणी पाहायला अगदी साधी. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजायची, ट्युबरक्युलिन कातडीत टोचायचं आणि ७२ तासांनी तीच घडी पुन्हा मोजायची. जनावराची क्षयाच्या जंतूशी आधी गाठ पडली असेल, तर टी पेशी ओळख पटून तिथे गोळा होतात आणि घडी जाड होते. ती सूज म्हणजे शरीराची आठवण. एवढी स्वस्त चाचणी हाताशी असूनही आपल्या देशात गायीच्या क्षयाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम कधी उभी राहिली नाही. याचं खापर सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानावर फुटतं. भंडारा जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर मला कारण वेगळं दिसतं: चाचणीने ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय करायचं, याचं उत्तर इथे कुणाकडेच नव्हतं.

रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ट्युबरक्युलिन जाहीर केलं ते औषध म्हणून. औषध म्हणून ते सपशेल फसलं, पण क्षयी गुरांना टोचलं की ताप चढतो हे लवकरच ध्यानात आलं आणि फसलेल्या औषधाची चाचणी झाली. पुढे दोन वाटा फुटल्या. अमेरिकेने १९१७ पासून सूज आलेलं जनावर कापायचं आणि मालकाला भरपाई द्यायची, असं धोरण धरलं. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांगने त्याआधीच, १८९० च्या दशकात, दुसरी रीत दाखवली होती: सूज आलेल्या गायी वेगळ्या बांधा, दूध काढत राहा, वासरं मात्र तापवलेल्या दुधावर वाढवा. भंडाऱ्यासाठी पहिली वाट लवकरच मिटली. जिल्हा मध्य प्रांतात असताना १९४९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडाचा प्राणी संरक्षण कायदा आला आणि दुरुस्त्या होत तो गोवंशाच्या कत्तलबंदीपर्यंत पोचला. गायीपुरती ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वैध ठरवली, आणि पुढे महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा आला. २००९ च्या केंद्रीय कायद्यात रोगी जनावराला दयामरणाची सोय आहे खरी, पण दिसायला धडधाकट, दुभती गाय केवळ मानेवरच्या सुजेपायी कोण मारू देईल? उरली बांगची वाट. तिला वेगळा गोठा लागतो. भंडाऱ्याच्या या झाडीपट्टीत एकाच कोठ्यात बैलजोडी, गाय आणि म्हैस. सकाळी गावची सगळी ढोरं आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या जागी, जमणार आणि गायकी (गुराखी), पुष्कळदा गोवारी समाजाचा, त्यांना एकत्रच चारायला नेणार. एकट्या गायीला त्या कळपातून वेगळं काढायचं म्हणजे तिचा चाराच तोडायचा.

देशी गुरांना क्षय फारसा होत नाही, मग चाचणी हवीच कशाला, असं कुणी म्हणेल. या म्हणण्याला जुना आधार आहे. मुंबईत लिस्टन आणि सोपारकर यांनी १९१७ मध्ये हाच प्रश्न तपासला, आणि देशी जनावर जास्त तग धरतं या मताला त्यांच्या कामाचा हवाला आजही दिला जातो. पण तग धरणं म्हणजे रोग न होणं नव्हे, शिवाय आता कोठ्यात जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गायी आहेत. आपण दूध उकळतो, हेही खरं. त्याने पोटाची वाट अडते, कोठ्यातल्या हवेची नाही. (आणि धारोष्ण दुधाचं कौतुक अजून ओसरलेलं नाही.) सगळ्यात वजनदार आक्षेप खुद्द चाचणीवरचा आहे. तळ्यांच्या, धानाच्या बांध्यांच्या ओल्या मातीत क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात. त्यांच्या ओळखीनेही मान सुजते. म्हणून बाजूला पक्ष्यांच्या क्षयजंतूचं ट्युबरक्युलिन टोचून दोन सुजा ताडून पाहतात. उलट, रोगाने पार पोखरलेली किंवा नुकतीच व्यालेली गाय सुजेविना सुटू शकते. आक्षेप रास्त आहे, पण तो सगळ्यात जास्त बोचतो तो कापायच्या वाटेवर. तिथे खोट्या ‘हो’ची किंमत एक गाय असते, वेगळं बांधायच्या वाटेवर एक दावं आणि थोडी जागा. मोहीम पहिल्या हिशेबाने तोलली गेली, म्हणून चाचणी नालायक ठरली.

आता तो हिशेब पुन्हा मांडता येईल. बीसीजी लस मुळात गायीच्याच क्षयजंतूपासून झालेली. ती गायीला दिली तर जुनी चाचणी लसीलाच रोग समजते. पण लसीच्या जंतूत नसलेली ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं टोचली तर लस घेतलेली गाय आणि रोगी गाय वेगळ्या ओळखता येतात. इथिओपियात गायींना बीसीजी दिल्यावर रोगाचा फैलाव बराच घटल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्तावरची इंटरफेरॉन-गॅमा चाचणी डॉक्टरची दुसरी फेरी वाचवते, मात्र रक्तातल्या पेशी जिवंत असेतो नमुना प्रयोगशाळेत पोचायला हवा. कातडीवरच्या चाचणीला तर, जुन्या असो वा नव्या, तिसऱ्या दिवशी डॉक्टर कॅलिपर घेऊन त्याच कोठ्यात यावा लागतो आणि रोवणीच्या दिवसांत त्या वेळी गाय कोठ्यातच बांधून ठेवलेली असावी लागते.